बरावरा खोऱ्यातली निळी प्रश्नचिन्हं: कोडं, नकाशा आणि उतरण

विचारणारं कुटुंब सिडनीच्या उत्तरेला हॉर्न्सबीजवळ राहतं. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधण्याचा खेळ; त्यातले साधे डबे त्यांनी शंभराच्या वर शोधलेत. आता घराशेजारच्या बरावरा खोऱ्याच्या जंगलात नकाशावर फक्त निळी प्रश्नचिन्हं, म्हणजे कोड्याचे डबे उरलेत. एक कोडं सुटलं असं वाटून ते गेले, दोन तास काटेरी झुडपांत हिंडले आणि हात हलवत परत आले. कोडी सोडवायची पद्धत काय आणि या जंगलात चालायचं कसं, असे दोन प्रश्न त्यांनी विचारलेत.

हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. निघालेलं उत्तर जमिनीवर बसतंय का हे तपासल्याशिवाय कोडं सुटलं असं म्हणायचंच नाही, ही सवय लागली की निम्म्या फेऱ्या वाचतात. म्हणून खाली कोडं आणि नकाशा एकत्रच घेतलेत.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली आणि ३ मेला ऑरेगन राज्यात या खेळातला पहिला डबा लपवला गेला. खेळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचं एक पान असतं. साध्या डब्याच्या पानावर खरी जागा दिलेली असते. कोड्याच्या डब्याच्या पानावरचा बिंदू दाखवण्यापुरता असतो, तिथे डबा नसतो. तरीही तो बिंदू फुकट घालवायचा नाही, कारण नियमाप्रमाणे खरा डबा त्या बिंदूपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असतो. कोड्याला हात लावायच्या आधीच उत्तराचा मोठा भाग तुमच्या हातात असतो तो या नियमामुळे.

हे आकड्यांत बघू. उदाहरणापुरतं धरा की पानावर दक्षिण ३३° ४०.५००′, पूर्व १५१° ०६.५००′ असं दिलंय. सिडनीच्या या भागात अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि रेखांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.५५ किलोमीटर. मग ३.२ किलोमीटरच्या वर्तुळात दक्षिणेची मिनिटं ३८.८ ते ४२.२ आणि पूर्वेची ०४.४ ते ०८.६ यांच्या बाहेर जाऊच शकत नाहीत. अंश तर ठरलेलेच आहेत. पूर्ण कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे अक्षांश आणि रेखांश मिळून, पंधरा अंक असतात. त्यातला पहिला ३, दुसरा ३, आठवा १, नववा ५, दहावा १, अकरावा ० हे कोडं न वाचता लिहून टाकता येतात. तिसरा ३ किंवा ४ असतो. खरे अज्ञात आठच राहतात, त्यातल्या दोघांना जेमतेम पाच पर्याय.

याचा उपयोग लगेच दिसतो. पानावर पंधरा चित्रं, पंधरा चिन्हं किंवा पंधरा ओळी दिसल्या तर पहिलं आणि दुसरं चिन्ह एकच आहे का, आठवं आणि दहावं एकच आहे का, एवढंच आधी बघा. दोन्ही जुळलं तर चिन्ह म्हणजे अंक हे पक्कं झालं आणि तीन, एक, पाच आणि शून्याची चिन्हंही कळली. दहा गोष्टी दिसल्या तर बहुधा अंश वगळून मिनिटांचे पाच-पाच अंक आहेत. सहा असतील तर फक्त दशांशानंतरचे तीन-तीन. कोड्याचा विषय फुलं असो, रेल्वे स्टेशनं असोत की क्रिकेटचे धावफलक, आधी वस्तू मोजायच्या. विषयात रमायचं नंतर.

मग पान नीट वाचायचं. नीट वाचणं म्हणजे काय, हे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. डब्याचं नाव हा पहिला इशारा असतो. पानावरचं लेखन कर्सरने वरपासून खालपर्यंत निवडून बघा, म्हणजे पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत काही लपवलं असेल तर ते उजेडात येतं. संगणकावर पानाचा मूळ कोड उघडून बघा, मालकाने, म्हणजे डबा लपवणाऱ्याने, टिप्पणी म्हणून आत ओळ लिहिलेली असू शकते. चित्र असेल तर फाइलचं नाव वाचा, फाइल उतरवून तिची माहिती तपासा. फोटोत कॅमेऱ्याने नोंदलेले अक्षांश-रेखांश राहिलेले असू शकतात, कधी मुद्दाम ठेवलेले. दिलेल्या बाहेरच्या दुव्यावर जा. इशाऱ्याची ओळ उलगडा. ती प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून लिहिलेली असते आणि बटण दाबलं की वाचता येते. आधी शोधून गेलेल्यांच्या जुन्या नोंदी सगळ्या वाचा. ‘गाडीत बसून चहा होईपर्यंत सुटलं’ असं कुणी लिहिलं असेल तर तुम्ही तीन दिवस करत असलेली आकडेमोड चुकीच्या दिशेची आहे.

पानावरची काठिण्याची पट्टी एक ते पाच असते आणि ती अर्ध्या-अर्ध्याने वाढते. कोड्याच्या डब्यात ती बहुतांशी कोड्याचीच असते. दीड-दोनच्या कोड्याला गुंतागुंतीची सांकेतिक लिपी लावत बसू नका. तिथे रेझिस्टरच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटमधल्या छोट्या भागाच्या) रंगपट्ट्या, मोर्स, ब्रेल, फोनच्या कीपॅडवरची अक्षरं असलंच काही असतं. रेझिस्टरचा क्रम पाठच असू द्या: काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. रंगीत पक्षी, रंगीत टोप्या, रंगीत खडू ओळीने मांडलेले दिसले आणि सुरुवात नारिंगी-नारिंगी अशी असली की काम झालं. भूभागाची, म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणं किती अवघड याची, वेगळी पट्टी असते, तिच्याकडे पुढे येऊ.

जगभरच्या लिप्यांमधले अंक वापरलेली कोडीही बरीच असतात. आपल्याला देवनागरी येते म्हणून तिथे आपण निर्धास्त असतो आणि नेमके फसतो. बंगालीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो आणि बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. उलट आपला एक इंग्रजी वाचणाऱ्याला नऊ वाटतो. कोडं रचणाऱ्याने स्वतःच ही गल्लत केली असण्याचीही शक्यता असते. वरच्या पंधरा अंकांच्या चौकटीत बसवून बघितलं की कोण चुकलंय ते कळतं.

अक्षरांच्या सांकेतिक लिपीत हीच चौकट शब्दांच्या रूपात येते. मालकाने कोऑर्डिनेट्स इंग्रजी शब्दांत लिहून मग गुप्त केले असतील, तर सिडनीत मजकूर ‘साउथ थर्टी थ्री’ने सुरू होण्याची शक्यता फार मोठी. म्हणजे गुप्त मजकुराच्या पहिल्या पाच अक्षरांमागे एस, ओ, यू, टी, एच आहेत असं धरून चालायचं. एक नमुना हाताने करून दाखवतो. पानावर ही सोळा अक्षरं आहेत: ओ ओ एल टी ए टी ओ ई आर के वाय एम एच वाय ए ई. सगळी अक्षरं सारख्याच घरांनी सरकवलेली असती तर पहिली दोन अक्षरं सारखी आली नसती, कारण एस आणि ओ वेगळी आहेत. म्हणजे सरकवण्याचं माप अक्षरागणिक बदलतंय, चावीचा शब्द वापरलाय. व्हिजनेर नावाची ही पद्धत.

आता ए शून्य, बी एक असं करत झेड पंचवीस धरा. गुप्त अक्षरं १४, १४, ११, १९, ०. अंदाजाची अक्षरं १८, १४, २०, १९, ७. वरच्यातून खालची वजा करा, उत्तर ऋण आलं तर २६ मिळवा. २२, ०, १७, ०, १९ असं येतं. अक्षरांत डब्ल्यू, ए, आर, ए, टी. न्यू साउथ वेल्सचं राज्यफूल ‘वाराटा’, त्याच्या स्पेलिंगची ही पहिली पाच अक्षरं, शेवटी ए आणि एच राहिली. सात अक्षरांची चावी पूर्ण करून पुढच्या मजकुरावर फिरवली की ‘थर्टी थ्री’ सरळ बाहेर येतं आणि अंदाज खरा ठरतो. चावीत ए असेल तिथे मूळ अक्षर जसंच्या तसं राहतं. म्हणून गुप्त मजकुरात टी, एच अशी ओळखीची अक्षरं आपल्या जागी दिसत होती. पहिल्या पाच अक्षरांतून काहीच अर्थ लागला नाही तर सुरुवात ‘द’ किंवा ‘कॅश इज अॅट’ने करून बघा. तेही जमलं नाही तर इंग्रजी शब्दांचा अंदाज सोडा, दुसरी पद्धत शोधा. एकाच पद्धतीला आठवडाभर चिकटून राहण्यापेक्षा कोडं बाजूला ठेवून आठ दिवसांनी पान परत पहिल्यापासून वाचणं जास्त फळतं.

उत्तर आलं की बऱ्याच पानांवर ते तपासायची सोय असते, खेळाच्या संकेतस्थळाची स्वतःची किंवा जिओचेक, सर्टिट्यूडसारखी. बरोबर आलं की सुटलेले कोऑर्डिनेट्स पानावरच दुरुस्त करून ठेवा, मग फोनमधल्या अॅपवर डब्याची खूण खऱ्या जागी सरकते. हे न केल्यामुळे कागदावर बरोबर उत्तर असूनही माणसं खोट्या बिंदूकडे चालत जातात.

तपासायची सोय नसेल तर नकाशा तपासतो. बिंदू कुणाच्या परसात पडला, खाडीच्या पाण्यात पडला, रेल्वेरुळावर पडला, तर उत्तर चुकलंय. दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरच्या आत पडला तरी शंका घ्या, कारण दोन डब्यांमध्ये एवढं अंतर ठेवण्याचा नियम आहे. बरावरा खोरं २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात डबा ठेवायला उद्यान व्यवस्थापनाची संमती लागते. त्यामुळे असे डबे बहुधा रुळलेल्या वाटेपासून फार आत नसतात. भोवतालची छोटी राखीव जंगलं (बुशलँड रिझर्व्ह) कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, ताब्यात आहेत, तिथे नियम त्या कौन्सिलचे. तुमचा बिंदू वाटेपासून चारशे मीटर आत, दाट झुडपात, कड्याच्या मधोमध पडत असेल आणि भूभागाची पट्टी दोनच दाखवत असेल, तर चूक कोड्यात आहे. पायांना त्रास द्यायचं कारण नाही.

एखादाच अंक अडला असेल तर नकाशावर सगळे दहा पर्याय मांडा. शेवटचा अंक अडला तर सगळे पर्याय सतरा मीटरच्या रेषेत येतात, जागेवर जाऊन बघता येतं. शेवटून दुसरा अडला तर दोन शेजारच्या पर्यायांत पंधरा ते अठरा मीटर. दशांशानंतरचा पहिला अडला तर दीडशे ते एकशे पंच्याऐंशी मीटर, आणि त्या दहांतले बरेच घरांवर आणि कड्यांवर पडून आपोआप बाद होतात.

आता तुमच्या त्या वाया गेलेल्या दोन तासांबद्दल. कोडं सुटल्यावरही जागा चुकण्याची तीन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं कारण दिशांच्या चिन्हाचं. भारतात उत्तरेला गेलं की अक्षांश वाढतो. इथे आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहोत, उत्तरेला गेलं की दक्षिण अक्षांश घटतो. ‘इथून २१५ मीटर, ३१० अंश’ असं कोड्याचं उत्तर असेल तर उत्तरेकडचा भाग सुमारे १३८ मीटर आणि पश्चिमेकडचा सुमारे १६५ मीटर. मिनिटांत ०.०७५ आणि ०.१०७. वरच्या उदाहरणातल्या बिंदूपासून मोजलं तर दोन्ही वजा करून ३३° ४०.४२५′ आणि १५१° ०६.३९३′ येतं. भारतातल्या सवयीने अक्षांशात मिळवणी केली तर ४०.५७५ येतं आणि तुम्ही पावणेतीनशे मीटर दक्षिणेला, भलत्याच ओढ्यात उतरता.

दुसरं कारण होकायंत्राचं. सिडनीत चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या साधारण साडेबारा अंश पूर्वेला आहे. कोड्यातली दिशा बहुधा खऱ्या उत्तरेपासूनची असते, ती हातातल्या होकायंत्रावर घ्यायची तर साडेबारा वजा करायचे, म्हणजे ३१० चे २९७.५. हे विसरलं तर चारशे मीटरवर जवळपास सत्त्याऐंशी मीटरची चूक होते. महाराष्ट्रात हा फरक इतका किरकोळ असतो की सह्याद्रीत कुणी मोजत नाही. फोनच्या होकायंत्रात खरी उत्तर की चुंबकीय उत्तर हे सेटिंगमध्ये ठरतं, ते निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते.

तिसरं कारण जुन्या नकाशाचं. कोडं जुन्या छापील टोपो (जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या) नकाशावरच्या चौकटींवर बेतलेलं असेल तर तो नकाशा १९६६ च्या ऑस्ट्रेलियन मापनपद्धतीवर असू शकतो. ती आणि आजचं जीपीएस यांत सुमारे दोनशे मीटरचा फरक पडतो. नकाशाच्या कडेला पद्धतीचं नाव छापलेलं असतं. दोनशे मीटर ईशान्य-नैर्ऋत्य अशी ठरावीक सरक दिसली की आधी हेच तपासा. ऑस्ट्रेलियाचं भूखंडच वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतंय आणि त्यासाठी २०२० ची नवी पद्धत आली. तिच्यातला आणि १९९४ च्या पद्धतीतला फरक १.८ मीटर आहे, डबा शोधायला त्याने काही बिघडत नाही.

आता चालण्याकडे. सह्याद्रीत गड आधी चढायचा आणि उतरताना दमलेल्या पायांच्या मदतीला गुरुत्वाकर्षण असतं. सिडनीच्या उत्तरेला हे उलटं आहे. रेल्वे, रस्ते, घरं सगळं डोंगरधारेवर, जंगल खाली खोऱ्यात. हॉर्न्सबीच्या रोझमीड रोडवरून ब्लू गम वॉकला लागलात तर पहिली वीस मिनिटं उतार, ओढ्याकाठी उंच निळसर खोडांचे गम (युकॅलिप्टस), हवा गार, सगळं सोपं. चढ शेवटी येतो, दुपारी, पाणी संपत आलेलं असताना, मुलं कंटाळलेली असताना. म्हणून परतीचा वेळ जाताना लागलेल्या वेळाच्या दीडपट धरा आणि निम्म्यापेक्षा जास्त पाणी परतीसाठी राखा. उन्हाळ्यात दिवसभराला माणशी तीन लिटर. जूनमध्ये सूर्य पाचच्या आतच मावळतो आणि खोऱ्याच्या तळाशी अंधार त्याच्याही बराच आधी होतो, तेव्हा हिवाळ्यात दोन वाजता वर यायला निघा.

वेळाचा हिशोब वाटेवर आणि वाटेबाहेर वेगळा. ग्रेट नॉर्थ वॉक ही सिडनी ते न्यूकॅसल अडीचशे किलोमीटरची पायवाट या खोऱ्यातून जाते. तिच्यावर मुलांना घेऊन तासाला तीन किलोमीटर धरा. वाट सोडून झुडपात शिरलात की तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. अॅपवर ‘३०० मीटर’ दिसतं ते पक्ष्याच्या उड्डाणाचं अंतर असतं, मध्ये अख्खी घळ असू शकते.

इथला दगड हॉक्सबरी वालुकाश्म. तो पायऱ्यापायऱ्यांनी तुटतो, सलग उतार देत नाही. १:२५,००० च्या टोपो नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दर दहा मीटरला असतात. आता विचार करा, आठ मीटरचा सरळ तुटलेला कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशावर सौम्य उतार, आणि प्रत्यक्षात तुम्ही दुमजली घराच्या उंचीच्या कड्याच्या काठावर. म्हणून रेषा दाट नसल्या तरी सरळ खाली उतरायचं नाही. धारेवरून किंवा वाटेवरून डब्याच्या पातळीपर्यंत जायचं आणि मग त्याच उंचीवर आडवं सरकायचं. कडा लागला तर त्याच्या काठाने चालत राहा, पन्नास-शंभर मीटरवर एखादी फट किंवा घसरलेल्या दगडांची जागा बहुधा मिळते. उतरण्याआधी मागे वळून त्या जागेचा फोटो घ्या आणि फोनवर खूण टाका. खालून सगळ्या फटी सारख्या दिसतात. जिथून हात टेकून उतरलात तिथून लहान मूल वर चढू शकेल का, हा प्रश्न उतरण्याआधी विचारायचा.

घळीत आणि गॅल्स्टन गॉर्जसारख्या खोल भागात मोबाइलला रेंज नसते. नकाशा, डब्याचं पान, इशारा, जुन्या नोंदी सगळं घरूनच फोनवर उतरवून घ्या आणि सुटलेले कोऑर्डिनेट्स कागदावरही लिहा. आणीबाणीचा नंबर ०००. ‘इमर्जन्सी प्लस’ हे सरकारी अॅप तुमचे कोऑर्डिनेट्स मोठ्या अक्षरांत दाखवतं, मदत मागताना तेच वाचून दाखवायचे. कुठे चाललोय, कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

निघायच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी बघायच्या. आगीच्या धोक्याची पातळी आणि उद्यान उघडं आहे की नाही. २०२२ पासून पातळ्या चार आहेत: मध्यम, उच्च, तीव्र, महाविनाशक. तीव्र किंवा त्यावर असेल तर खोऱ्यात उतरायचंच नाही, कारण आग चढावर वेगाने पळते आणि तुमची परतीची वाट चढाचीच आहे. ‘हॅझर्ड्स निअर मी’ अॅपवर चालू आगी दिसतात. जोराचा वारा असेल तरी बेत पुढे ढकला, युकॅलिप्टसच्या मोठ्या फांद्या तुटून पडतात.

सापांची भीती सगळ्यांना असते आणि ती योग्य ठिकाणी असावी. वाटेवर दिसलेला साप थांबून जाऊ दिला की जातो. खरा धोका हातांना आहे, कारण डबा शोधणारा माणूस दगडाखाली आणि पोकळ ओंडक्यात हात घालतो. ते कधीच करू नका. आधी विजेरीने आत बघा, मग काठीने चाचपा, मग जाड हातमोजा घालून डबा ओढा. मागचं दिसायला गाडीच्या दुकानात मिळतो तसा दांडीचा छोटा आरसा ठेवा. सिडनीच्या दमट मातीत फनेल-वेब कोळी बिळं करून राहतो आणि तोही ओंडक्या-दगडांच्या सांदीत सापडतो. साप किंवा फनेल-वेब चावला तर उपचार एकच: माणसाला तिथेच बसवा किंवा झोपवा, चालवू नका. १५ सेंटिमीटर रुंदीची जाड इलॅस्टिक पट्टी चावलेल्या जागेवरून सुरू करून पूर्ण हात किंवा पाय घट्ट गुंडाळा, काडी बांधून तो अवयव हलणार नाही असा करा आणि ००० ला फोन. कापणं, चोखणं, धुणं काही नाही. रेंज नसेल तर दोघांपैकी एकाने वर जाऊन फोन करायचा. या जंगलात एकट्याने झुडपात शिरू नये ते यासाठी. रेडबॅक कोळी चावला तर मात्र पट्टी बांधायची नाही, बर्फाचा शेक द्यायचा. अशा दोन पट्ट्या प्रत्येक पिशवीत असू द्या.

गोचीड जास्त नित्याची. बाही लांब, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर केसांत आणि कानामागे तपासणी. चिकटलेली दिसली तर ओढू किंवा चिमटू नका, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ईथरच्या फवाऱ्याने ती जागेवर गोठवून मारा आणि गळून पडू द्या. जळवा आपल्या ओळखीच्या, त्यांना मीठ पुरतं.

डब्यापाशी पोहोचल्यावर फोन खिशात टाका. ऐकायला विचित्र वाटेल, पण वीस मीटरच्या आत फोनचा बाण उपकारापेक्षा अपकार करतो. कड्याखाली उपग्रहांचा संकेत दगडावर आपटून येतो आणि बाण पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे नाचतो. कड्यापासून बाजूला, मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं उभं राहा, तिथून दिशा आणि अंतर घ्या. मग दुसऱ्या बाजूने तसंच करा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथून शोधायला सुरुवात. त्यानंतर डोळे. निसर्गात काड्या समांतर पडत नाहीत. ओंडक्याच्या तोंडाशी एकाच लांबीच्या पाच-सहा काड्या ओळीने, झाडाच्या बुंध्याशी सालीचा जुडगा, कपारीत बाहेरच्या रंगाशी न जुळणारे तीन दगड, हे माणसाचं काम. आगीत काळवंडलेल्या खोडापाशी न काळवंडलेली साल दिसली तर थेट तिथेच बघा.

मोठे सपाट दगड मात्र उचकटू नका. अशा सुट्या पापुद्र्यांखाली ब्रॉड-हेडेड साप राहतो, तो सिडनीच्या वालुकाश्म पट्ट्यातला धोक्यात आलेला प्राणी आहे, आणि एकदा हललेला दगड पुन्हा तसा बसत नाही. डबा पुरायला खेळाच्या नियमांत मनाई आहे, म्हणून खणायचाही प्रश्न नाही. सपाट खडकावर कोरलेल्या आकृत्या दिसल्या तर त्यांच्यावर पाय ठेवू नका, पाणी ओतू नका, खडूने रेखाटू नका. ती आदिवासी समाजाची कायद्याने संरक्षित स्थळं आहेत. आणि बुटांचे तळवे निघताना आणि परतल्यावर दोन्ही वेळा ब्रशने माती झाडून स्पिरिटने पुसा. फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग ओल्या मातीतून एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातो आणि अख्ख्या उतारावरची झाडं मारतो.

डबा मिळाला की आतली नाव लिहायच्या कागदाची गुंडाळी बोटांनी उपसू नका, चिमटा वापरा. स्वतःचं पेन किंवा पेन्सिल न्या, ओलसर कागदावर पेन्सिलच चालते. नाव लिहिल्याशिवाय शोध धरला जात नाही. रबरी कडेत वाळूचा एक कण राहिला तरी डब्यात पाणी शिरतं, म्हणून कडा फडक्याने पुसून चारही कड्या टकटक बसल्याचं ऐका. काड्या जशा होत्या तशाच ठेवा. मिळाला नाही तर ‘नाही मिळाला’ अशी नोंद करा, पण सोबत लिहा की तपासणीत उत्तर हिरवं, म्हणजे बरोबर, आलं होतं का, जागेवर किती वेळ शोधलं आणि दगड-झाडांची स्थिती काय होती. एवढं वाचून मालकाला कळतं की डबा गेलाय, की तुम्ही अजून खडकाच्या वरच्या पायरीवरच होतात.